सालिगरामची झिरिया

पेल्याच्या तळाशी माती बसली होती. फार नव्हे, नखाच्या जाडीएवढी. पण बसली होती, आणि वरचं पाणी आता नितळ दिसत होतं. शालिग्राम देवपुजारी एका गालावरचा साबण तसाच ठेवून त्या पेल्याकडे पाहत राहिला. जबलपुरातल्या चेरीतालच्या त्या दोन खोल्यांच्या घरात काचेचा पेला एकच, पाहुण्यांसाठी राखलेला, आणि आज शनिवारी सकाळी त्याच्या बायकोने, भानुमतीने, त्यात पाहुण्याने आणलेलं पाणी ओतून ठेवलं होतं. पाहुणा म्हणजे नथ्थू, सेमरझोरीच्या बंधाऱ्यावरचा चौकीदार. सात वाजता दाराशी आला तो पितळी लोट्याला फडकं बांधून, आणि चेहरा असा की घरात लग्न ठरलंय. "साब, झिरिया मैया दूध देन लगी है. सबने कही, पैलो परसाद साब के घरे जावे." लोट्यातलं पाणी खरंच पांढुरकं होतं, ताकाच्या निवळीसारखं. सोमवारी गावातल्या साऱ्या बायका झिरियेवर, त्या झऱ्यावर, जमणार होत्या, पूजा करून तिथेच नाल्यात चुली मांडून जेवणार होत्या. त्यासाठी लाल चुनरी आणि नारळ घ्यायला नथ्थू बड्या फुहाऱ्याच्या बाजारात चालला होता. तासाभरात लोटा न्यायला येतो म्हणाला. शालिग्राम तेव्हा हसला होता. आपण हसलो होतो हे त्याला आता नीट आठवत होतं.

"खेड्यातलं पाणी ते," भानुमती आतून म्हणाली. "गाळलं नसंन कोणी. काहून उभे राहिले असे? साबण वाळून राहिला तोंडावर."

त्याने पेला उचलून हलवला. माती उठली आणि पाण्याचं पुन्हा दूध झालं. चैत्रात हेच पाणी तो ओंजळीने प्यायला होता, आणि त्यात ओंजळीच्या रेषा दिसत होत्या. चैत्रात म्हणजे ओव्हरसियर म्हणून वर्षाच्या तपासणीला गेला होता तेव्हा. सेमरझोरीचा बंधारा तसा लहानसाच. दोन टेकड्यांच्या मध्ये अठरा फूट उंच मातीची भिंत, अंगावर दगडांचं अस्तर. शहरातला माणूस विचारायचा, किती शेती भिजते हो त्याच्यावर? एक बिघाही नाही. तो पाण्यासाठी बांधलेलाच नव्हता, तो दगडांसाठी होता. वरच्या डोंगरातून नाला पावसाळ्यात नुसतं पाणी आणत नाही, तो डोंगरच थोडाथोडा घेऊन येतो; गोटे, मुरूम, उपटलेली झाडं. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी तो असाच गावात शिरला, नथ्थूच्या भावाचं घर छपरापर्यंत दगडांनी भरलं, आणि आत भाऊ होता, भावाची बायको होती. दगड उपसायला गावाला चार दिवस लागले. ते उपसणं पाहायला पोचलेल्या शालिग्रामनेच मग साखळी टाकून जागा मोजली, बंधारा झाला, आणि तेव्हापासून डोंगर जे काही आणतो ते भिंतीमागे साठून राहतं. दर उन्हाळ्यात ते उपसून काढायचं, असं नियमात लिहिलेलं. दोन उन्हाळे कोणी उपसलं नव्हतं. त्याने दोनदा तसं लिहून पाठवलं आणि दोनदा त्याचे कागद कुठल्या तरी कपाटात जाऊन झोपले. या चैत्रात तो भिंतीवर उभा राहून मागचं ते दगडांचं मैदान पाहत होता आणि त्याला नुसता कंटाळा आला होता, नोकरीचा, उन्हाचा, आपल्याच अक्षराचा. तेवढ्यात खालून नथ्थूने हाक मारली होती, "साब! झिर फूटी है! जल्दी आओ!"

भिंतीच्या पायथ्यापासून पंधरा पावलांवर, वाळल्या नाल्यात, जमिनीतून अंगठ्याएवढी पाण्याची धार उसळत होती. चैत्रात! जिथे बायका दीड कोस नदीपर्यंत घागरी घेऊन जातात तिथे. दहाबारा जणी भोवती बसल्या होत्या, जशा बाळंतिणीच्या खोलीत बायका बसतात तशा. नथ्थूच्या म्हाताऱ्या आईने त्याला पाणी दिलं. गोड होतं, गार होतं. मग तिने विचारलं, साब, नाव काय तुमचं? आठ वर्षांत ते कोणी विचारलं नव्हतं. "शालिग्राम," तो म्हणाला, आणि म्हातारीने दोन्ही हात कपाळाला लावले. देवाचंच नाव, आणि साब आले त्याच दिवशी झिर फुटली. मग आणखी काय पाहिजे? तासाभरात नाल्यातून एक काळा गुळगुळीत गोटा शोधून आणला गेला, शेंदूर लागला, झिरीच्या तोंडाशी बसवला गेला. सालिगराम की झिरिया. त्याने हसण्यावारी न्यायला हवं होतं. पण त्याने ओंजळ पुन्हा पुढे केली. भानुमतीला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा घर रिकामंच राहिलं. आपल्यामागे आपलं नाव घेणारं कोणी नाही हे त्याने फार पूर्वी, काही न बोलता, कबूल करून टाकलं होतं. आणि आता एका वाहत्या पाण्याला ते नाव मिळालं होतं. घरी आल्यावर त्याने आपल्या वहीत मराठीत लिहिलं, 'सेमरझोरीस झरा लागला.' कचेरीच्या रिपोर्टात इंग्रजीत लिहिलं, बंधाऱ्याखाली नैसर्गिक झरा, लोकांची सोय, बंधारा सुस्थितीत. खाली सही. कचेरीत महिनाभर त्याला सगळे झिरियावाले म्हणून चिडवत होते, आणि तो रागावल्यासारखं दाखवत होता.

"ऐकलं का," भानुमती म्हणाली, "हा नवा माठ पाहा बरं. लयच झिरपून राहिला. खाली ताट ठेवलं तेही भरलं."

त्याच्या हातातला पेला एकदम जड झाला. झिरपून राहिला. हा शब्द तो जन्मापासून ऐकत होता. अमरावतीहून इथे रेल्वेत आलेला त्याचा बाप पावसाळ्यात भिंतीकडे बोट दाखवून म्हणायचा, भिंत झिरपून राहिली रे. आणि नथ्थू आठ वेळा, दहा वेळा ओरडला होता, झिर, झिर. नथ्थूच्या बोलीत झिर म्हणजे देवाने दिलेलं पाणी. पण शालिग्रामच्या मायबोलीत तोच शब्द भिंतीतून ओघळणाऱ्या ओलीचा होता, माठाचा, छताचा, आणि त्याने तो ऐकलाच नाही. मिसळणाच्या डब्यात मोहरी, हळद, जिरं आपापल्या वाटीत राहतात, तशा त्याच्या भाषा राहत होत्या. घरात मराठी, बाहेर हिंदी, कचेरीत इंग्रजी, आणि एका वाटीतलं दुसरीत सांडू द्यायचं नाही याचा त्याला जरा अभिमानही होता. हिंदीत ऐकलं, त्याचा चांगला साजरा झरा केला, आणि इंग्रजीत चढवला. इंग्रजीतही या गोष्टीला अगदी नेमका शब्द होता, 'सीपेज', तरुणपणी पुस्तकातून पाठ केलेला. तिन्ही वाट्यांत खरं होतं आणि तो तिन्हींत चुकला होता. छे, चुकला नव्हता. त्याला तसं ऐकायचंच नव्हतं. झरा असला तर नाव राहणार होतं. झिरप असली तर पुन्हा एक कागद आणि पुन्हा ते कपाट. हे कळलं तेव्हा त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने भानुमतीकडे पाठ केली.

नितळ पाणी झिरपलं तर एक वेळ चालतं. प्रत्येक मातीची भिंत थोडी पाझरतेच; चैत्रातही भिंतीमागच्या दगडांखाली मुरलेलं पाणीच बाहेर येत होतं. गढूळ पाणी म्हणजे ते येताना भिंत घेऊन येतंय. आतून, कण कण, उंदराने पोतं कोरावं तसं. नथ्थूने सकाळी आणखीही काही सांगितलं होतं आणि तेव्हा ते कौतुकाचं वाटलं होतं: धार आता मनगटाएवढी झाली, म्हणे. पावसाचं पाणी भिंतीमागे दगडांवर चढलेलं असणार. ती भिंत बसली तर आठ वर्षं अडवलेला डोंगर एकदम खाली येईल, आणि सोमवारी खाली, नाल्यातच, चाळीस घरांच्या बायका पोरीबाळींना घेऊन चुली मांडून बसलेल्या असतील. त्याच्या नावाची पूजा करायला.

त्याने उरलेली दाढी केली नाही. सायकल काढली आणि सदर बाजाराच्या पुढे भय्यासाहेबांच्या बंगल्यावर गेला. भय्यासाहेब त्याचे वरिष्ठ, जबलपुरात चार पिढ्यांचं मराठी घर, माणूस वाईट नव्हता. पण आयुष्यात घाईने केलेली एकही गोष्ट त्यांना आठवत नसे. व्हरांड्यात बसून त्यांनी सगळं ऐकलं, चहा मागवला.

"अच्छा, पण पावसाळा आहे शालिग्रामजी," ते म्हणाले. "पावसाळ्यात झरे गढूळ होतातच."

"तो झरा नाही साहेब. बंधारा झिरपून राहिला."

"तुम्हीच तर लिहिलंत झरा म्हणून. वर पाठवला आपण तो रिपोर्ट." त्यांनी त्याच्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला. "देखो, सात महिने राहिले तुमच्या निवृत्तीला. आता माझं चुकलं म्हणून लिहून दिलंत तर वरचे लोक विचारतील, अजून किती ठिकाणी चुकलं? तीस वर्षांची तुमची सही आहे. सोमवारी बघू. जाऊन या, पाहून या, मग लिहू."

त्या क्षणी शालिग्रामला मोह झाला. सोमवारी बघू, हे किती सोपं होतं! चहा प्यायचा आणि घरी जाऊन अंघोळ करायची. कदाचित खरंच झराच असेल. हा 'कदाचित' त्याला चांगला ओळखीचा होता. चैत्रात तोच भेटला होता. त्याने टेबलावरचा कागद ओढला आणि उभ्या उभ्याच इंग्रजीत लिहिलं की सेमरझोरीस ज्याला मी झरा म्हटलं ती बंधाऱ्याची गळती आहे, त्यातून भिंतीची माती वाहते आहे, चूक सर्वस्वी माझी आहे, आणि आजच माणसं पाठवावीत. नेमका शब्द आता बिनचूक आठवला. सही नेहमीसारखी आली नाही. चहा तसाच राहिला. भय्यासाहेब कागदाकडे पाहत होते. त्यांनी तो उचलून वाचला. मग म्हणाले, "जा तुम्ही. माणसं काढतो मी." आणि आत पाहून त्यांनी टोपी मागितली.

नथ्थू घराच्या पायरीवर वाट पाहत होता, मांडीवर लाल चुनरी. नवऱ्याचं तोंड पाहून भानुमतीने भाकरी बांधून दिली. काचेचा पेला त्याने धोतरात गुंडाळून पिशवीत ठेवला तेव्हा मात्र ती म्हणाली, "तो एकच आहे हो."

"माहीत आहे," तो म्हणाला.

पन्नाशी ओलांडलेला ओव्हरसियर सायकल मारतोय आणि मागे चौकीदार चुनरी सांभाळत बसलाय, असं ते सहा कोसांचं वरातीचं सोंग भादव्याच्या उन्हात निघालं. पाऊस चार दिवस उघडला होता, रस्ता वाळत होता. चढणीला दोघं उतरून चालायचे. दोन चढणी शालिग्राम कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होता. याच्या भावाला आपल्या डोळ्यांदेखत दगडांतून काढलं होतं. तिसऱ्या चढणीवर त्याने सांगितलं. नथ्थू थांबला. चुनरीची घडी त्याने पुन्हा पुन्हा घातली.

"तो जा झिर नइयाँ?" म्हणजे ही झिर नाहीच का, असं त्याने विचारलं.

"नहीं. बंधान फूट रहा है भीतर से. मैंने गलत लिखा था, नथ्थू."

नथ्थू रागावेल, निदान काही बोलेल, याची शालिग्राम वाट पाहत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नथ्थू एवढंच म्हणाला, "हमाई मताई रोज उतईं बैठत है, साब. दिन भर." म्हातारी आई दिवसभर तिथेच बसते. मग चढण संपायच्या आतच तो सायकलवर बसला आणि शालिग्रामने उभं राहून पायडल मारलं.

म्हातारी तिथेच होती, काळ्या गोट्याशेजारी. धार मनगटाहून जाड झाली होती आणि तोंडाभोवती बारीक मातीचं कडं साचलं होतं, मुंग्यांच्या वारुळासारखं. भिंतीवर चढून पाहिलं तर पलीकडे पाणी दगडांवर पुरुषभर चढलेलं, आणि अस्तराचा वरचा एक दगड बोटभर खचलेला. बोटभरच. आठ वर्षं ही भिंत त्याची होती आणि तिने त्याला चैत्रातच सांगितलं होतं. त्याने गाव गोळा केलं. पुढे काय बोलायचं ते सहा कोस घोकलं होतं, तरी हिंदी ऐन वेळी तुटली. "यह झिर नहीं है. यह मेरी गलती है. ऊपर का सारा पत्थर आ सकता है, आज, अभी," तो म्हणाला, आणि पुढचं मराठीतच आलं, "झिरपून राहिला हो बंधारा, माझं चुकलं." ते त्यांना शब्दाने कळलं नाही, तोंडाने कळलं. पोरंबाळं, गुरं, अंथरुणं टेकडीवर जाऊ लागली. आठ वर्षांपूर्वीची दुपार कोणी विसरलं नव्हतं.

चार गडी त्याने मोरीच्या, भिंतीतून पाणी सोडायच्या वाटेच्या, तोंडाशी लावले; यंदाचा धरून तीन उन्हाळ्यांचा गाळ तिच्यात बसला होता. बाकीचे मातीच्या पाट्या घेऊन आले, झिर बुजवायला. तो ओरडला, नाही! बुजवली तर पाणी दुसरीकडून फुटेल. "पानी को जाने दो. माटी को रोको." आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर गोटे, आणि सगळ्यांवर जड धोंडे. ज्या बायका सोमवारी पूजा करणार होत्या त्याच आता डोक्यावरून वाळू आणून झिरियेवर ओतत होत्या, आणि त्यातली एक रडत होती, पण पाटी खाली ठेवत नव्हती. दगडांना तोटा नव्हता. डोंगरानेच आणून ठेवले होते. शालिग्रामने स्वतः गोटे वाहिले. नखं फुटली, कंबर धरली. दर फेरीला त्याचे डोळे वर भिंतीकडे जात आणि त्याला वाटे, आता. मोरी मोकळी झाली तेव्हा तिच्यातून पाणी असा आवाज करत सुटलं की सगळे एकदम मागे सरले, आणि ती मोरी आहे हे कळल्यावर कोणीतरी हसलं.

"और वजन चाहिए," तो म्हणाला. म्हातारी टेकडीवर गेलीच नव्हती. ती उठली, तिने तो शेंदूर लावलेला काळा गोटा दोन्ही हातांनी उचलला, पोटाशी धरला आणि त्याच्यापुढे आणून ठेवला. "जो सोई धर देओ, साब. वजन में काम आहे." हाही ठेवून द्या, वजनाला कामी येईल. शालिग्राम त्या गोट्याकडे पाहत राहिला. शेंदूर अजून ओला होता, आजचा. त्याने तो उचलला. वाटला होता त्याहून हलका निघाला. ढिगावर एक फट होती, तिथे तो नीट बसला.

मग त्याने पिशवीतून पेला काढला. धोंड्यांच्या फटीतून झिरपणारं पाणी त्यात धरलं आणि एका सपाट दगडावर ठेवलं. पहिल्या पेल्यात माती बसली. दुसऱ्यातही, पण कमी. ऊन टेकडीवरून उतरत होतं, भय्यासाहेबांची माणसं अजून पोचायची होती. तिसरा पेला ठेवला तेव्हा टेकडीवरून माणसं हळूहळू खाली येऊन भोवती बसली, त्याने मनाई केली तरी. मोरीचा आवाज एकसारखा चालू होता. भिंतीवरच्या ओलीची रेघ हातभर खाली गेली होती. त्याने पेला उचलून उजेडात धरला. तळातून त्याला आपलाच तळहात दिसला, फुटलेली नखं, रेषा, सगळं.

"सालिगराम महाराज की जै," एक बाई सवयीने म्हणाली आणि बाकीच्यांनी उचललं. तो घाईने उठला, दोन्ही हात हलवू लागला. "नहीं, नहीं! मैंने बताया ना, मेरी गलती थी, मैंने ही—" आठ वर्षांत, तीस वर्षांत जो कोणासमोर रडला नव्हता तो नाल्यातल्या एका दगडावर बसून चाळीस घरांदेखत रडला. नथ्थूने चुनरी पुढे केली, मग काय करतोय ते लक्षात येऊन मागे घेतली.

म्हातारीने त्याच्या हातातून पेला काढून घेतला, सांडू न देता. "गलती तो हमाई सोई हती, साब," चूक आमचीही होती, असं ती म्हणाली. "पानी मीठो हतो."

त्याने डोळे पुसले. मग तिच्याकडून पेला परत मागून घेतला, पाणी ओतून टाकलं, आणि चौथ्यांदा भरून दगडावर ठेवला.